थोरल्याच्या कंप्युटरमागचं दही

विरजणाचा आंबूस वास आला की मला लातूरचं थोरल्या भावाचं घर आठवतं. कॉलेजात कंप्युटर शिकवायचो मी, आणि सोळा कोअरचा दणकट कंप्युटर घरी आणला कुणी, तर बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या भावानं! ऐन थंडीत तो बघायला मी नांदेडहून गेलो. पंख्यांची घरघर खोलीभर चालली होती, मागून गरम वारा येत होता. मी खवचटपणे विचारलं, "ह्याच्यावर तू करायलास तरी काय?" "घरातल्या जुन्या लग्नांचे व्हिडिओ साफ करायलो. दिवसभर चालूच असतो," तो म्हणाला. तेवढ्यात आईनं कंप्युटरच्या मागून स्टीलचा डबा काढला. आत सुरीनं कापावं असं घट्ट दही. "थंडीत लई कामाचा हाय बघ," ती कौतुकानं म्हणाली. ते दही मी दोनदा मागून खाल्लं, पण गोड लागलं नाही. पुढं हट्टानं मी त्याच्या दुप्पट ताकदीचा कंप्युटर घेतला. परवा ऐन थंडीत आई माझ्याकडं राहायला आली आणि तिनं सकाळीच विरजण लावून डबा त्याच्यामागं ठेवला. संध्याकाळी झाकण काढलं, तर दूध तसंच पातळ. तिनं कंप्युटरवर हात ठेवून पाहिला. "थंडगार हाय की रे. ह्याला काही कामच न्हाई का?"