न आलेल्याच्या घरी

"सरका स्वल्प," असं म्हणत ते शेजारची सतरंजी तळहातानं थोपटायचे. कन्नडात स्वल्प म्हणजे थोडं. सतरंजी साठ माणसांची आणि बसलेले आम्ही पाच. सरकायचं कुठं आणि कोणासाठी, हे विचारायची सोय नव्हती. आम्ही मुकाट्यानं सरकायचो, ते समाधानानं दाराकडं बघायचे, आणि दारातून डास तेवढे आत यायचे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. चामराजपेटेत विठोबाच्या देवळामागं एक लांबट खोली होती. तिथं दर गुरुवारी संध्याकाळी भजन. 'सरका' म्हणणारे ते म्हणजे तिथले शिंपी. दुकान देवळाला लागूनच. कधी गळ्यातला टेप काढायचं विसरत, मग टाळ वाजवताना तोही तालात हलायचा.

मी तेव्हा पुण्याहून नवऱ्याच्या बदलीबरोबर नुकतीच आलेली. वय तिशीचं, आणि बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलेलं. ते तत्त्वज्ञान दर दोन वाक्यांनंतर बाहेर पडायचं. आज ती बाई मला भेटली, तर मी रस्ता ओलांडून पलीकडं जाईन.

ब्लाउज शिवायला गेले, तर माझं मराठी ऐकून ते मशीन थांबवून म्हणाले, "गुरुवारी या की अक्का. आमचं पाचवं माणूस गेल्या महिन्यात गाव सोडून गेलं, भजन अडलंय."

मी गेले. भक्ती वगैरे काही नाही. नंतर मिळणाऱ्या कोसंबरीसाठी गेले. भिजवलेली मूगडाळ, काकडी, वर खोबरं. आणि खरं सांगू? त्या शहरात दूधवाल्याशी 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणण्यापलीकडं दिवसभर माझं तोंड उघडत नव्हतं.

पण जाऊन गप्प बसेन तर ना! पहिल्याच दिवशी विचारलं, "देव घरी नाही का? मग इथं जमायचं कशाला?"

ते हसले. "आहे की घरी. पण आपण नाही गेलो, तर 'का नाही आलास' म्हणून तो विचारत नाही. माणसं विचारतात."

मग त्यांनी मंडळाची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा आणि आणखी चौघं शिंपी पोट भरायला इकडं आले. कोणालाच कन्नड येत नव्हतं. आठवडाभर मुक्यानं कपडे शिवायचे आणि गुरुवारी भजनाला बसायचे. "देवाचं नाव घ्यायचं, तेवढीच जीभ मोकळी." एका गुरुवारी एक जण आला नाही. बाकीच्यांनी भजन उरकलं. दुसऱ्या दिवशी कळलं, की तो खोलीत तापानं फणफणत पडला होता, पाणी द्यायलाही कोणी नाही. माणूस वाचला, पण चौघं खजील झाले. तेव्हापासून मंडळाचा एकच नियम. पाच जमले नाहीत तर टाळाला हात लावायचा नाही. उठायचं आणि न आलेल्याच्या घरी जायचं.

मला तो नियम फार गोड वाटला. दुसऱ्याला लागू असेतोवर सगळे नियम गोडच असतात.

एका गुरुवारी टीव्हीवर सिनेमा होता. मी कांदाभजी तळली, पाय पसरून बसले आणि दार वाजलं. दारात चौघं. पुढं ते, काखेत फडक्यात बांधलेले टाळ. मागं पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला दोघी जावा. त्या एकमेकींशी बोलत नसत, पण भजनात एकीचा स्वर खाली गेला की दुसरी उचलून धरायची.

"काय झालं की अक्का?"

"ताप," मी म्हणाले. तोंडात भजं होतं.

त्यांनी मला झोपवलं. एका जावेनं कपाळावर ओली पट्टी ठेवली, दुसरीनं ती पिळून परत ठेवली. अण्णांनी टीव्ही बंद केला. मग पाच जण झाले म्हणून त्यांनी तिथंच, माझ्या उशाशी, भजन म्हटलं. जाताना टाळ फडक्यात बांधत ते हळूच म्हणाले, "तापात तळलेलं नको. आम्ही घेऊन जाऊ का?" आणि भज्यांची ताटली उचलून खरोखर घेऊन गेले!

पुढं काही वर्षांनी त्यांच्या मुलानं जे. पी. नगरला घर घेतलं. दुकान बंद झालं. ते गुरुवारी बसनं यायचे, गुडघे धरत पायऱ्या चढायचे, आणि टेकल्या टेकल्या म्हणायचे, "सरका स्वल्प."

एका गुरुवारी ते आले नाहीत.

आम्ही चौघं बसलो होतो. अण्णा म्हणाले, "उठायचं ना?" दोघी जावांनी चपला शोधायला सुरुवातही केली. मी म्हणाले, "जे. पी. नगर काय इथं आहे का? दोन बस बदलायच्या. गुडघे दुखत असतील. पुढच्या गुरुवारी जाऊ." वर माझ्यातलं तत्त्वज्ञान बोललं, "नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नाही." चांगलं वाक्य होतं. दोघी जावा परत येऊन बसल्या. आम्ही टाळ उचलले.

पुढच्या गुरुवारी त्यांचा मुलगा खोलीवर आला. केस काढलेले. वडील सोमवारी गेले म्हणाला, झोपेतच. त्रास काही झाला नाही. निघता निघता तो दारात थांबला.

"त्या गुरुवारी त्यांना चालवत नव्हतं. पण संध्याकाळी धुतलेला सदरा घालून फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. माझ्या बायकोला कोसंबरी करायला सांगितली, पाच जणांची. आम्ही म्हटलं आत चला, डास चावतायत. तर म्हणाले, थांब, आता मंडळी येतील."

अण्णांनी टाळ फडक्यात बांधायला घेतले. मला हवं होतं कोणीतरी माझ्यावर ओरडावं. एक जाऊ दुसरीला म्हणाली, "चल." मी त्यांना एकमेकींशी बोलताना ऐकलं ते तेवढंच.

त्यानंतर पाच कधी जमले नाहीत.

आता मी यशवंतपूरला मुलाकडं राहते. घरात सगळं आहे आणि संध्याकाळी सातपर्यंत कोणी नाही. गुरुवारी मी पुढचं दार सताड उघडं ठेवते आणि कोचाच्या एका कडेला सरकून बसते. सून कामावरून आली की आधी दार लावते.

"आई, डास येतात हो."

"येऊ देत," मी म्हणते. "कोणीतरी येतंय ना."