अकरा वाजून वीस मिनिटांचा रिपोर्ट

नंदनवनातल्या आमच्या गल्लीत आज जी पोरं सायकली दामटतात, त्यातल्या निम्म्याअधिक पोरांना पहिल्या आंघोळी यमुताईंनी घातल्या आहेत. पाटावर बसायचं, साडी गुडघ्यापर्यंत सारायची, पाय लांब करायचे आणि त्या पायांवर बाळ उपडं घालायचं. तेल चोळता चोळता बाळाशी बोलायच्या, "रड बाप्पा, जोरात रड. कोण काय म्हणून राहिलं तुले?" माझ्या लेकीचा, अदितीचा मुलगाही त्याच पायांवर न्हालेला. घ्यायच्या कुणाकडून काही नाहीत, उलट बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू स्वतःच करून आणायच्या.

त्या मूळच्या नरखेडकडच्या. लग्न होऊन नागपुरात आल्या, नवरा वीज मंडळात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते दवाखान्यात आपल्या पायांनी चालत गेले आणि परत आले नाहीत. तोंडही पाहू दिलं नाही. त्यानंतर यमुताईंनी कुणाच्या बाळाला हात लावला नाही. "माह्या हाताले आता नको वं," म्हणायच्या. मुलगा ऋषिकेश, सून सोनिका आणि चार वर्षांची नात गार्गी, एवढ्यावर त्यांनी स्वतःला आवरून घेतलं.

मग हॉलंडहून मेघाचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला. दिवस राहिले होते. जावयाला आई नाही, तिकडे दुसरं कोणी नाही. मेघा म्हणाली, आई, तूच ये. त्या दिवशी यमुताई चपला न घालता माझ्या दारात आल्या. महाराजांच्या तसबिरीसमोर डोकं टेकवलं आणि म्हणाल्या, "प्रेमलता, माह्या हातांले बोलावणं आलं."

पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, डिंक तळून झाला. डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी नागपूरहून दिल्ली आणि तिथून पुढचं विमान. मेघाची तारीख त्यानंतर दहा दिवसांनी. अट एवढीच, की कोरोनाची तपासणी विमानात बसण्याआधी अठ्ठेचाळीस तासांच्या आतली हवी आणि रिपोर्ट हातात हवा. म्हणजे आधी तपासून चालणार नाही आणि उशीर झाला तरी नाही. बुधवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघी ऋषिकेशसोबत जवळच्या एका लॅबमध्ये गेलो. नाकात काडी गेली तेव्हा यमुताई त्या पीपीई घातलेल्याला म्हणाल्या, "अबे, मेंदूलेच हात लावतं का?" तो हसला. रिपोर्ट चोवीस तासांत मोबाईलवर येईल म्हणाला. फॉर्मवर नंबर ऋषिकेशचा. यमुताईंचा फोन बटणांचा, त्यावर रिपोर्ट कसला येतो! मुलाचा नंबर देण्यात कुणाला काही वाटलंही नाही. आमच्याकडे सगळ्याच बायकांचे असेच देतात, गॅसपासून बँकेपर्यंत.

गुरुवार उजाडला. माझा उपवास. दहा वाजल्यापासून मी त्यांच्याकडेच होते. बॅग दारात उभी, यमुताईंनी नवी साडी नेसलेली, पायात मोजे. गार्गी बॅगेवर घोडा घोडा करत होती. ऋषिकेश आतल्या खोलीत लॅपटॉपवर, त्याचं काम तेव्हा घरूनच.

"आला का गा?" यमुताई दर दहा मिनिटांनी विचारायच्या.

"नाही आई. पाहून राहिलो."

बारा वाजले तरी आला नाही. मी म्हटलं, यमुताई, बसा माझ्याजवळ, एकेक माळ ओढू. दोघी त्यांच्या देवघरातल्या महाराजांसमोर बसलो. मी नवस बोलले, रिपोर्ट वेळेत येऊ दे, आणि निगेटिव्ह येऊ दे, अकरा गुरुवार गूळ-फुटाणे वाटीन. यमुताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माळ चालू होती. रोजच्या वहीत मी तिथेच बसून लिहिलं: 'साडेबारा. रिपोर्ट नाही. महाराज, लाज राखा.' आरती झाली. ऋषिकेश बाहेर आला, वाकून नमस्कार केला, हात पुढे करून प्रसाद घेतला. तोंडात टाकला.

मी म्हटलं, "अरे, लॅबवाल्यांना फोन तर लाव."

"लावला काकू. उचलून नाही राहिले."

"मग चल, मी येते तुझ्यासोबत. दारात जाऊन बसते त्यांच्या."

"तुम्ही कशाला? गर्दी आहे, आत घेत नाहीत. मीच जातो."

स्कूटर काढून गेला. अर्ध्या तासाने परत आला, घामेजलेला. संध्याकाळपर्यंत देतो म्हणाले, मशीन बंद आहे. यमुताईंनी त्याला पाणी दिलं. माझ्यापायी केवढी धावपळ करून राहिलं पोरगं, असं मला हळूच म्हणाल्या. चार वाजता निघायला हवं होतं. साडेपाचला त्यांनी मोजे काढले.

शुक्रवारी सकाळी यमुताई माझ्या दारात. "चाल वं. त्या लॅबवाल्यांची आरती करून येऊ." ऋषिकेशला सांगितलंच नाही, त्याची मीटिंग होती. ऑटोत बसल्यापासून त्या शब्द जुळवत होत्या. काउंटरवर एक मुलगी, पियुषपेक्षाही, म्हणजे माझ्या धाकट्यापेक्षाही लहान. यमुताईंनी सुरुवात केली ती थांबेनातच. "तुमच्या मशीनले काय धाड भरली होती? माही लेक तिकडे एकटी आहे! पोट घेऊन एकटी! तुम्हाले माय-बहिणी नाहीत?" रांगेतली माणसं मास्क सावरून बघायला लागली. त्या मुलीने बिचारीने नाव विचारलं, पटापट बटणं दाबली आणि पडदा आमच्याकडे फिरवला.

"मावशी, मशीन काल बंद नव्हती. तुमचा रिपोर्ट काल सकाळी अकरा वीसला गेला. निगेटिव्ह."

"कुठं गेला?"

"ह्या नंबरवर, व्हॉट्सॲपवर. उघडून पाहिलाय पण. ह्या दोन निळ्या खुणा दिसून राहिल्या ना, म्हणजे पाहिला."

नंबर ऋषिकेशचा होता. मला पाठ आहे, सिलिंडरला मीच किती वेळा सांगितला असेल.

यमुताईंना निळ्या खुणांचं कळलं नसेल, पण माझं तोंड त्यांनी पाहिलं. मग एकदम आवाज खाली आला. "असं का," म्हणाल्या. त्या मुलीच्या हातावर हात ठेवला, "चुकलं वं बाई माहं. तुले उगाच बोलली," आणि बाहेर आल्या. आम्ही परतीचा ऑटो धरला.

माझ्या मनात एकच चित्र फिरत होतं. साडेबारा वाजता आम्ही दोघी म्हाताऱ्या माळा ओढत बसलोय, आणि जे मागतोय ते भिंतीपलीकडे त्याच्या खिशात तासाभरापासून पडलेलं आहे. महाराजांनी त्यांचं काम वेळेत केलं होतं. वहीतली ती ओळ खोटी आहे हे मला माहीत आहे, अजून मी ती खोडलेली नाही.

घरी सोनिका होती, गार्गीला भरवत. यमुताईंनी चप्पल काढली आणि ऋषिकेशच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. मी दारात. जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"काल त्या अर्ध्या तासात तू कुठं उभा होता गा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग समजला. "जगनाडे चौकात," म्हणाला. "चहाच्या टपरीवर."

सोनिका हातात वाटी घेऊन आली. "काय झालं?"

"आई, मले भीती वाटली. बाबा असेच गेले. तिकडं तुले काही झालं असतं तं..." त्याचा आवाज खरंच फुटला. मला वाटतं, इथेच थांबला असता तर यमुताईंनी त्याला जवळ घेतलं असतं. पण तो पुढे बोलला. "आणि तीन महिने गार्गीले कोण पाहीन? सोनिकाचं ऑफिस सुरू झालं, माहं काम. मेघाले नाही म्हणता येत नव्हतं."

"मी रजेचा अर्ज दिला होता ना!" सोनिका ओरडली. "मला तरी विचारायचं!"

यमुताई तिच्याकडे वळल्याही नाहीत. "मले म्हटलं असतं तं मी राहिली असती, ऋषी," त्या म्हणाल्या. "आई, नको जाऊ, एवढं म्हणायचं होतं. मी मेघाले माह्या तोंडानं नाही म्हटलं असतं. तुनं मले नवी साडी नेसून बसवलं."

तो रडला. त्यांनी रडू दिलं.

रविवारी मेघा बाळंत झाली, तारखेच्या सात दिवस आधी. मुलगी. दुसरं तिकीट आज काढू, उद्या काढू, असं होत राहिलं. मग नियम बदलले, मग व्हिसाची मुदत गेली. ते तिकीट निघालंच नाही.

बाळ बारा दिवसांचं असताना मेघाचा फोन माझ्या मोबाईलवर आला. यमुताई माझ्यासमोर बसून मेथी निवडत होत्या. "काकू," ती म्हणाली, "तुम्ही आईसोबत होत्या ना? दादा सांगतो लॅबनं दिवसभर लटकवलं. मी त्यांची तक्रार करणार आहे. इथं टाके घेऊन मी रात्र रात्र बाळाला घेऊन बसते, मला आई नाही मिळाली त्यांच्यामुळे. रिपोर्ट नेमका किती वाजता आला?"

फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकू जात होतं. त्या काउंटरवरच्या मुलीचा चेहरा माझ्यासमोर आला. यमुताईंनी मेथी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, मान हलवली नाही, काही नाही, नुसतं पाहिलं.

"उशिराच आला गं," मी म्हटलं. "पण तक्रार नको करू. त्या पोरींची नोकरी जाईल. कामाचा ताप असतो त्यांना पण."

चाळीस वर्षं मी उपवास करते, खोटं बोलत नाही म्हणून स्वतःला मानते. फोन ठेवल्यावर मला राग आवरेना. "यमुताई, त्यानं तुम्हाला फसवलं, आता माझ्याकडून मेघाला फसवलं. का म्हणून झाकायचं?"

"माह्या लेकीले माहेरी भाऊ राहू दे वं," त्या म्हणाल्या. "मी किती दिवसांची?"

मग मेथीची पानं गोळा करून माझ्या टोपलीत टाकली, काड्या पदरात घेतल्या आणि उठल्या. गार्गी झोपेतून उठायची वेळ झाली होती. उठली की तिला आजीच लागते.