चढावर थांबायची कारणं

आमच्या ह्यांना झाडापानांची आवड कधीच नव्हती. लग्नानंतर शिवथरला गेलो, तेव्हा मी धबधब्याकडे बघत उभी आणि हे पिशवी काखोटीला मारून, "चल गो, एसटी जाईल," म्हणत पुढे. तोच माणूस अलीकडे पोलादपूरवरून आमच्या वाडीचा चढ चढताना प्रत्येक वळणावर थांबायला लागला. "यंदा फणस चांगला धरलाय," म्हणायचे. तेही आंब्याच्या झाडाकडे तोंड करून.

तोंडाने कबूल करायचे नाहीत, पण दम लागत होता. महाडजवळच्या खडी क्रशरवर ह्यांची उभी हयात गेली. संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन. मी दारातच विचारायचे, "कोण पाहिजे आपल्याला?" मास्क मिळाला होता, तो मोटरसायकलच्या आरशाला लटकायचा. आरशाला कधी खोकला झाला नाही. ह्यांचं औषध एकच, हातपाय धुतले की गुळाचा खडा. गुळाने धूळ खाली उतरते, असं क्रशरवरच्या सगळ्यांचं ठाम मत. धुळीचं माहीत नाही, पोट मात्र सुटलं.

खोकला हटेना, तेव्हा मी हट्टाने महाडला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला. म्हणाले, "दगडाची धूळ फुप्फुसात बसली आहे. गूळ जातो पोटात, त्यांची भेटच होत नाही. बसलेली धूळ आता निघायची नाही. काम सोडलंत तर पुढचं नुकसान तरी कमी होईल." बाहेर आल्यावर हे म्हणाले, "डाक्टर नवीन दिसतोय." एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला भीती वाटत होती.

काम सोडायचं नाव काढलं की चिडायचे. "लोकं म्हणतील, दम नाय राहिला ह्याच्यात." शिमग्याला पालखी खांद्यावर नाचवणारा माणूस, त्याला हे जड जाणारच. मग मी एक केलं. चढाला लागलो की वळण यायच्या आत मीच दगडावर बसायला लागले. "गुडघे दुखतात हो." हे लगेच शेजारी टेकायचे आणि श्वास जागेवर येईपर्यंत माझी टिंगल करायचे. "वय झालं गो तुझं."

यंदा शिमग्याला देवळापुढे सगळी वाडी जमली होती. पालखी उचलायला ह्यांना हाक आली. हे पायरीवरून हलले नाहीत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्रशर सोडला मी. हिचे गुडघे पार गेलेत. घरात कोणतरी नको हिच्याजवळ?"

बायका माझ्याकडे कीव करून बघायला लागल्या. एकीने तर चोळायला तेलही सांगितलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत, आजही डोक्यावर हंडा घेऊन हाच चढ मी चढते. पण त्या क्षणी इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मी उठले आणि सगळ्यांसमोर ह्यांचा हात धरून, लंगडत लंगडत, देवळाच्या पायऱ्या उतरले.