अजबखान्याचे खरे मालक

शाळेत वस्तुसंग्रहालय काढलं की वस्तू जमायला वर्षं लागतात, किस्से मात्र पहिल्याच आठवड्यात जमतात. सानगडीजवळच्या आमच्या शाळेत सहावीशेजारची रिकामी खोली मी मुलांना हाताशी धरून सजवली. गावानं जुन्या वस्तू दिल्या, मुलांनी नाव ठेवलं 'अजबखाना'. हेडसरांना मात्र त्या खोलीत मोडके बेंच ठेवायचे होते. "मॅडम, वरून साहेब तपासणीला येतील, ते म्हणतील तसं," एवढं सांगून त्यांनी माझा जीव टांगणीला लावला होता.

गावातल्या गंगाबाईंनी जातं दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याच्याशेजारी येऊन बसल्या. मी मेहनतीनं लिहिलेला माहितीचा तक्ता एकाही मुलानं वाचला नाही, सगळे गंगाबाईंभोवती. मूठभर तांदूळ दळताना एक पोरगा घामाघूम झाला. "आजी, तू रोज दळत होती?"

"दळत होती अन् गात बी होती. तू तं नुसता दळूनच रडून राहिला!"

तक्ता मी काढून टाकला.

*

एका भिंतीवर जिल्ह्याचा जुना नकाशा होता, गोंदिया भंडाऱ्यातच असलेला. साकोलीच्या शाळेची सहल आली आणि पोरं म्हणाली, नकाशा चुकलाय. मी जिल्हा कसा वेगळा झाला ते समजावू लागले. नातवासोबत आलेले परसरामबुवा मध्येच बोलले, "मी पोरगी जिल्ह्यातच देली होती. सरकारनं तिले परजिल्ह्यात नेऊन टाकलं."

जिल्हा विभाजनाचा धडा एवढ्यात संपला.

*

एकदा विणकर राजाभाऊ आम्ही मांडलेला हातमाग पाहायला आले. सुतावरून बोट फिरवत विचारलं, "हे सूत कोणं लावलं?"

"मी."

"मंग राहू द्या. चूक कशी दिसते, हे बी पोरायले समजलं पाहिजे."

तरी राहवलं नाही त्यांना. संध्याकाळपर्यंत सातवीच्या पोरांकडून सगळं सूत उसवून पुन्हा लावून घेतलं.

*

अखेर साहेब यायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मासेमारी करणारे सुखदेवभाऊ दारात. "मॅडम, माझं जाळं द्या. घरचं फाटलं, अन् उद्या सगळे तलावावर जाऊन राहिले." अजबखान्यात टांगलेलं जाळं त्यांचंच, घरही त्यावरच चालणारं. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. जाळं दिलं आणि खोली गेलीच असं धरून चालले. खूप वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब रिकाम्या खिळ्यासमोर थांबले. खाली चिठ्ठी, 'फेकायचं जाळं'. हेडसर माझ्याकडे बघायला लागले. जाळ्याची माहिती सांगायचं काम सुखदेवभाऊंच्याच पोरीकडे, सातवीतल्या कोमलकडे होतं.

"सर, जाळं कामावर गेलं."

"संग्रहालयातली वस्तू कामावर?"

"हो. चाला, पाहून घ्या."

तलाव शाळेमागंच. साहेब निघाले, मागोमाग अख्खी शाळा. सुखदेवभाऊंनी जाळं फेकलं, ते पाण्यावर गोल उघडलं. साहेबांनी मागून घेऊन फेकलं, तर सगळं गोळा होऊन पायाशीच पडलं. कोमल त्यांचा हात धरून सांगू लागली, "आधी खांद्यावर घ्या, मंग फिरा, मंग सोडा." साहेबांनी पुन्हा फेकलं, पुन्हा पायाशीच. पँट चिखलानं भरली, जेवणाची वेळ टळली, पुढच्या शाळेची भेटही राहिली.

परत येऊन त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, "पाहणी अपूर्ण. पूर्ण होईपर्यंत खोली रिकामी करू नये."

रविवारी शाळा बंद होती. साहेब हाफपँट घालून थेट तलावावर आले.