मिस्टर मॉडरेटर, तिला सांगा

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले अमेरिकन आजोबा राजकारणी होते, हे मला पहिले तीन महिने कळलंच नव्हतं. राजकारणी कसा ओळखायचा हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं: कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागेपुढे माणसं, आणि आल्या आल्या खुर्ची. हे आजोबा चौकड्याचा शर्ट आणि झिजलेल्या चपला घालून स्वतःची कचऱ्याची पिशवी स्वतः टाकायला जात. लिफ्टमध्ये भेटेल त्याला, अगदी पाण्याच्या बाटल्या पोचवणाऱ्यालाही, नाव-गाव विचारत. दुबई सिलिकॉन ओएसिसच्या टॉवरमध्ये लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. मला वाटलं, बिचाऱ्यांचा वेळ जात नसेल. त्यांची लेक इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि आजी गेल्यावर ती त्यांना घेऊन आली होती.

मग एकदा चहा पिताना त्यांनीच सांगितलं. व्हरमाँट नावाचं अमेरिकेतलं एक छोटंसं, सगळं खेडोपाडी असलेलं राज्य. तिथल्या विधानसभेत ते बरीच वर्षं निवडून गेले होते, त्यांच्याआधी त्यांचे वडील. अधिवेशन हिवाळ्यात सुरू होतं, म्हणाले, कारण उन्हाळ्यात सगळ्यांना शेतीची कामं असतात. बाकी वर्षभर हे गाईंचं दूध काढायचे. बर्फ वितळून रस्ता चिखलात खचला की मतदार भल्या पहाटे घरी फोन करत आणि आमदारसाहेब गोठ्यातून धावत येऊन तो घेत.

‘‘आणि लोक काय म्हणायचे?’’ मी विचारलं.

‘‘शिव्या द्यायचे,’’ आजोबा खुशीत म्हणाले आणि माझ्या थालीपिठावर त्यांनी बाटलीतून मेपलचा पाक ओतला. मी तोंड फिरवलं. थालीपिठावर लोणी सोडून काही ओतलेलं मला बघवत नाही.

त्याच दिवसांत माझंही एक राजकारण चालू होतं, आणि ते मुळीच खुशीचं नव्हतं. माझी एक मैत्रीण सातव्या मजल्यावर राहायची. करामा ह्या दुबईतल्या जुन्या वस्तीत आम्ही एकाच मजल्यावर, समोरासमोर अकरा वर्षं काढली. तिची पोरं माझ्याकडे जेवून मोठी झाली, माझी लेक तिच्याकडे. इकडे घर घेतानाही आम्ही एकाच टॉवरमध्ये घेतलं. आणि मागच्या वर्षी, आमच्या वीस-बावीस मराठी घरांच्या गणपती मंडळाच्या बैठकीत मी अध्यक्षपदाला उभी राहिले, हात वर करून मतदान झालं, आणि तिने माझ्यासाठी हात वर केला नाही. मांडीवर ठेवून बसली. मी हरले. हरल्याचं एक वेळ ठीक, पण तिचा तो मांडीवरचा हात मला दिसला. घरी आले, तिला फोनवर ब्लॉक केलं, आणि वर्षभर एक शब्द बोलले नाही. मी तिखट आहे हे मला माहीत आहे, कोणी सांगायची गरज नाही.

नवऱ्यांचं मात्र काही बिघडलं नाही. दोघं दर शनिवारी करामाला जाऊन भाजी आणायचे आणि निरोपही त्यांच्यामार्फतच जायचे. ‘‘वहिनींनी तुझा कुकर मागितलाय.’’ ‘‘तिला सांगा, शिट्टी बिघडलीय.’’ लेक म्हणायची, ‘‘मॉम, यू बोथ आर सो चाइल्डिश.’’ मी म्हणायचे, मराठीत बोल.

जुलैमध्ये बातमी आली. मैत्रिणीचा नवरा रिटायर झाला, व्हिसा संपतोय, गणपती झाले की दोघं कायमचे पुण्याला. ‘खलास, एवढंच होतं आपलं दुबई,’ असं भावोजी माझ्या नवऱ्याला म्हणाले म्हणे. मी ‘बरं’ म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. सगळी स्वच्छ भांडी पुन्हा घासली. ती न बोलताच निघून जाईल, ह्या भीतीने मला त्या महिन्यात नीट जेवण गेलं नाही. पण आपण होऊन सातव्या मजल्यावर जायला पाय उचलत नव्हता.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आजोबांची लेक तापाने पडली, आणि त्यांना चर्चला सोडायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर इतकं ऊन होतं की गाडीत बसून राहणं अशक्य. म्हणून मीही आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. एसी उत्तम होता. आजोबा एपिस्कोपल पंथाचे. म्हणजे इंग्लंडचं चर्च अमेरिकेत गेलं आणि तो देश स्वतंत्र झाल्यावर वेगळं नांदू लागलं ते, असं त्यांनीच सिग्नलला थांबल्यावर समजावलं होतं. दुबईत ते आपल्या सख्ख्या चुलत्यांकडे, इंग्लंडवाल्यांकडे जात.

प्रार्थना निम्म्यावर आली आणि एकदम सगळे उभे राहून एकमेकांचे हात हातात घेऊ लागले. एक फिलिपिनो बाई, एक उंचच उंच नायजेरियन गृहस्थ, केरळचं एक जोडपं, सगळे माझ्याकडेही आले आणि ‘तुला शांती लाभो’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हणाले. मी गोंधळून सगळ्यांना ‘सेम टू यू’ म्हटलं.

परतताना विचारलं, हे काय होतं? आजोबा म्हणाले, आमची रीतच आहे. शेजारच्याचा हात हातात घ्यायचा आणि मगच पुढच्या, महत्त्वाच्या विधीकडे वळायचं.

‘‘परक्यांचा हात घेणं सोपं असतं,’’ मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

‘‘हो ना,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या गावच्या चर्चमध्ये जेमतेम चाळीस माणसं. त्यांतली तिघं विधानसभेवर जाऊन आलेली. माझे वडील, मी, आणि जिनं मला पाडलं ती बाई. दुसऱ्या पक्षाची, पण बाक एकच. हरल्यावर मी अख्खा हिवाळा चर्चला गेलो नाही. घरी सांगायचो, गाय विणार आहे.’’

‘‘अख्खा हिवाळा?’’

‘‘माझ्या बायकोनंही हेच विचारलं होतं.’’

‘‘मग?’’

‘‘मग एका रविवारी ती बाईच गोठ्यात आली. चर्चचे चांगले बूट शेणात घालून. हात पुढे केला आणि म्हणाली, तू नसलास की चर्चमधली कॉफी फार वाईट होते.’’ मग म्हणाले, ‘‘मी जायला हवं होतं. ती आली. हे मला अजून टोचतं.’’

‘‘माझं प्रकरण वेगळं आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मी कुठे काही विचारलंय?’’ आजोबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. राजकारणीच होते, यात मला आता शंका उरली नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी टॉवरच्या खालच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक होती. दरवर्षी तिथे सगळे एकाच वेळी बोलतात आणि निर्णय पार्किंगमध्ये होतात. यंदा माझ्या नवऱ्याने शक्कल लढवली. आजोबांच्या राज्यात म्हणे वर्षातून एकदा गावातले सगळे एका सभागृहात जमतात, गावचे प्रश्न हात वर करून सोडवतात आणि मग एकत्र जेवतात. आजोबांनी अशा सभा कैक वर्षं चालवल्या होत्या. मग बोलवा त्यांनाच.

आजोबा कोट घालून आले. ठोकायला लाकडी हातोडा हवा म्हणाले. कोणीतरी वर जाऊन लाटणं आणलं. मग त्यांनी नियम सांगितला: इथे कोणीही दुसऱ्या सभासदाशी थेट बोलायचं नाही. जे काही असेल ते मॉडरेटरना, म्हणजे सभा चालवणाऱ्या आजोबांना सांगायचं. असं केलं की भांडणं होत नाहीत.

आमच्या लोकांचा फार गोंधळ उडाला. कोणी तोंड उघडलं की शेजाऱ्याकडे वळायचं, लाटणं ठकठक वाजायचं, आणि तो दचकून ‘सॉरी, मिस्टर मॉडरेटर’ म्हणायचा. फक्त दोघीजणींना ह्या नियमाची काहीच अडचण नव्हती. वर्षभर आम्ही दुसरं केलं काय होतं?

विषय होता, गणपती दीड दिवस की पाच. मैत्रीण उठली. समोरच्या भिंतीकडे बघत मराठीतच म्हणाली, ‘‘मिस्टर मॉडरेटर, पाच दिवस ठेवा. माझी फ्लाइट सहाव्या दिवशी आहे. जायच्या आदल्या दिवसापर्यंत सगळ्यांबरोबर राहता येईल.’’

मला खरं तर दीड काय नि पाच काय, सारखंच होतं. ती पाच म्हणाली म्हणून मी दीड म्हणाले. ‘‘मिस्टर मॉडरेटर, तिला सांगा, पाच दिवस करणारे आम्ही आहोत. तिचं काय, ती तर चालली.’’

मैत्रीण पुन्हा उठली.

‘‘मिस्टर मॉडरेटर,’’ ती म्हणाली, ‘‘तिला विचारा, मी चाललेय ह्याचं तिला काही वाटतं का?’’

आजोबांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी माझ्या लेकीकडे पाहिलं. ती मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, ‘‘शी इज आस्किंग इफ मॉम विल मिस हर.’’

आजोबांनी लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, सभासदांना उत्तर द्यायचं असेल तर देऊ शकतात. बावीस घरांची माणसं माझ्याकडे बघत होती.

‘‘मिस्टर मॉडरेटर,’’ मी शेवटी म्हटलं, ‘‘मी दीड दिवसाचा मुद्दा मागे घेते.’’

पाच दिवस एकमताने मंजूर झाले. मग आजोबांनी जाहीर केलं की आमच्या गावची पद्धत अशी, सभेत ज्या दोघांचं सर्वांत जास्त वाजलं त्यांनी जेवण वाढायचं. खरंच अशी पद्धत असेल की त्यांनी तिथल्या तिथे काढली, हे मी आजवर विचारलेलं नाही.

हॉलच्या मागे छोटी पँट्री आहे. तिथे मिसळीची पातेली होती. माझ्या हातात कटाचा डाव, तिच्या हातात फरसाणाचं पाकीट, आणि बाहेर प्लेटा घेऊन रांग.

‘‘हात का नाही वर केलास?’’ मी विचारलं. पातेल्यात बघूनच.

‘‘कारण तू वाईट अध्यक्ष झाली असतीस.’’

मी डाव पातेल्यात आपटला.

‘‘खरंच सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘तू कोणाला काम सांगत नाहीस. सगळं स्वतः करतेस, मग दमतेस, मग रडतेस, मग ओरडतेस. करामातलं हळदीकुंकू आठव. पन्नास बायकांची खिरापत एकटीने केलीस. आणि ओरडलीस कोणावर? माझ्यावर. मला मंडळाचा अध्यक्ष नको होता, मला तू हवी होतीस.’’

‘‘मग हे तेव्हा नाही का सांगायचं?’’

‘‘कशी सांगू? ब्लॉक केलंस ना मला! दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले. तू उघडशील की नाही ह्याची खात्री नव्हती.’’

मला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तिच्यावर नाही. तिचा शब्द न् शब्द खरा होता. माझ्या नवऱ्याला हे सगळं माहीत होतं पण बोलायची छाती नव्हती. ह्या शहरात मला एवढं ओळखणारं एकच माणूस होतं, आणि मी त्याच्याशी वर्षभर नवऱ्यामार्फत कुकरच्या निरोपापलीकडे बोलले नव्हते.

‘‘यल्ला, चला लवकर, वाढताय ना?’’ बाहेरून भावोजी ओरडले. ‘‘भूक लागलीय!’’ आम्ही वाढायला लागलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण कट झणझणीत होता, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी सातव्या मजल्यावर गेले. तिच्या घरात चहूकडे खोकी होती आणि दिवाणखान्यातला सोफा विकून झाला होता. एका खोक्यात तिने स्वयंपाकघरातलं सामान अगदी टापटिपीने, कागदात गुंडाळून भरलं होतं. तिने मला खाली चटईवर बसायला सांगितलं, पण मी उभीच राहिले.

‘‘तू चाललीस ह्याचं मला फार वाईट वाटतंय,’’ मी म्हणाले. ‘‘फार म्हणजे फार.’’

‘‘माहितीये,’’ ती म्हणाली. तिने नाक पुसलं आणि चिकटपट्टीचं रीळ माझ्या हातात दिलं. ‘‘एवढं खोकं बंद कर, मी चहा टाकते.’’

मी ते बंद केलं नाही. चहा घेत, तिच्याशी बोलत, मी त्यातली एकेक वस्तू कागदातून सोडवून बाहेर मांडत बसले. दुपारी तिला सगळं पुन्हा भरावं लागलं, आणि त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं.