हात न लावलेले तास

लोहगावच्या विमानतळावर, एका छोट्या खासगी विमानाच्या शिडीशी मी गुडघ्यावर बसून सात जोड बूट गोळा करत होते. अंगात पांढरा शर्ट. खांद्यावर सहवैमानिकाच्या पट्ट्या.

विमानाच्या मालकाने आत पांढरा गालिचा टाकला होता. म्हणून पाहुण्यांनी बूट खाली काढायचे आणि सहवैमानिकाने ते मागच्या सामानाच्या कप्प्यात ठेवायचे. उतरताना परत शिडीशी मांडायचे, टोकं बाहेरच्या बाजूला. पाहुण्यांना वाकायला लागता कामा नये. हे कुठल्या नियमात लिहिलंय ते मला विचारू नका.

कॅप्टन शिडीवर उभे होते. शनिवार पेठेतले, साठीला आलेले, आवाज कधीच चढत नाही असे. वरून बघत म्हणाले, "वा मॅडम, काय सुरेख जोड लावता. आपल्या हाताला सवय असणार म्हणा. घरचंच काम."

दोन पाहुणे हसले. बाकीच्यांनी फोनमध्ये बघितलं.

माझे आजोबा बिबवेवाडीच्या चौकात चपला शिवायचे. कॅप्टनना हे मी कधी सांगितलं नव्हतं. आडनावावरून जात कळली, बाकीचं त्यांनीच जोडून घेतलं.

आणि मी काय केलं? मीही हसले. खोटं कशाला सांगू. हसले आणि सातवा जोड उचलला. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

का हसले, तेही सांगते.

दोनशे तास उडवले की व्यावसायिक परवाना मिळतो. तो मी शिष्यवृत्तीवर मिळवला. गल्लीत पेढे वाटले, आता पोरगी मोठं विमान चालवणार म्हणून. पण नुसत्या दोनशे तासांवर एअरलाइन दारात उभं करत नाही. आणखी तास लागतात. आणि तासातासांतही वरचे-खालचे असतात. इथेही आहेच ते.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, फ्लाइंग क्लबात शिकवायचं. एका इंजिनाचं दोन माणसांचं विमान, नवशिक्यांना शेजारी बसवून दिवसभर धावपट्टीभोवती चकरा. दुसरी, या खासगी कंपनीत सहवैमानिक. एअरलाइनच्या विमानांसारखी दोन टर्बाइन इंजिनं असलेलं चकचकीत विमान. जो भेटेल तो एकच सांगायचा, टर्बाइनचे तास घे. बरोबर शिकलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, क्लबातल्या चकरांना कोण विचारतंय? सीव्हीवर टर्बाइन दिसलं पाहिजे." मलाही तेच पटलं. वजनदार तास हवे होते ना मला.

पहिल्या दिवशी उजव्या सीटवर बसले, हात पुढे केला. कॅप्टन म्हणाले, "हात मांडीवर. हे मालकाचं विमान आहे, शिकवणी नाही."

दीड वर्ष हात मांडीवर. रेडिओवर बोलायचं, तपासणीची यादी वाचून दाखवायची, चहा द्यायचा, बूट उचलायचे. विमान एकदाही नाही.

पण महिनाअखेरीला मी लॉगबुक पुढे करायची. लॉगबुक म्हणजे आमची उड्डाणाच्या तासांची वही. तीत एक रकाना असतो, कॅप्टनच्या देखरेखीखाली स्वतः उडवलेल्या तासांचा. पुढचा मोठा परवाना त्या रकान्यावर मिळतो, म्हणून सगळे त्याच्यासाठी जीव टाकतात. कॅप्टन त्या रकान्यात तास भरून सही करून द्यायचे. न उडवलेले तास. सही करताना म्हणायचे, "घ्या. तुमच्याकडे आयतं घ्यायची सवय असतेच." मी "थँक यू, सर" म्हणायचे. बुटांची आणि चहाची मजुरी मला अशी मिळत होती. म्हणून हसले. सही हवी होती.

मग एअरलाइनचं बोलावणं आलं. वजनदार तासांमुळेच आलं. घरी सगळ्यांना तोंडभर सांगून परीक्षेला गेले.

परीक्षा सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये. परीक्षक बाई होत्या. मी विमान उचललं, त्यांनी एक इंजिन बंद केलं. अशा वेळी पायाखालचं पेडल दाबून नाक सरळ ठेवायचं, हे मला तोंडपाठ होतं. पण नाक एका बाजूला वळायला लागलं आणि माझे पाय हललेच नाहीत. हात उगाच सुकाणूच्या चाकाशी झटत राहिले. विमान पडलं. बाईंनी दुसरी संधी दिली. पुन्हा पडलं.

त्यांनी माझं लॉगबुक उघडलं, तो रकाना बघितला, माझ्याकडे बघितलं. "हे तुमचंच आहे ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी वही मिटून परत दिली. जमीन फाटली असती तर बरं झालं असतं.

पप्पा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले आहेत. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटणार ते त्यांच्या लांब लोखंडी चावीवर ठरतं. घरी येऊन मी त्यांच्यापुढे परीक्षेला शिव्या दिल्या, बाईंना दिल्या, यंत्राला दिल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दीड वर्षात तू स्वतः किती चालवलंस?"

"वहीत एकशे साठ तास आहेत."

"वहीतलं नाही विचारत मी."

"एकही नाही."

"मग बाईंचं काय चुकलं?"

मला रडू फुटलं. कधी न सांगितलेलं मग सगळंच सांगितलं. बूट, गालिचा, घरचंच काम. पप्पा म्हणाले, "तू काय बोललीस त्यांना?"

"हसले."

ते उठून आत गेले. त्या दिवशी माझ्याशी परत बोलले नाहीत. कॅप्टनच्या बोलण्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

पुढच्या उड्डाणाला पाच पाहुणे होते. शिडीखाली पाच जोड पडले. मी उभीच राहिले.

"मॅडम, बूट."

"मी नाही उचलणार, सर. आणि आज विमान मला चालवायला द्या. द्यायचं नसेल तर माझ्या वहीत तसं लिहू नका."

कॅप्टननी चष्मा पुसला. "मग आपल्याला तास कोण देणार? की चौकात बसायचंय, आजोबांसारखं?"

"आजोबा स्वतः शिवायचे, सर. दुसऱ्याने शिवलेलं आपलं म्हणून नाही खपवायचे."

पाहुणे सीटवर बसले होते, उशीर होत होता. शेवटी बूट कॅप्टननीच उचलले. पाच जोड एकदम धरायला गेले, एक बूट निसटून खाली गडगडला. तो आणायला त्यांना वाकावं लागलं. माझे हात जाता-येता मांडीवरच होते. परत आल्यावर मी राजीनामा दिला.

घरी लॉगबुक आणि पट्टी घेऊन बसले. त्या रकान्यातली एकेक ओळ लाल शाईने खोडली, प्रत्येक ओळीपुढे माझी सही केली. आई म्हणाली, "अगं, वेड लागलं का तुला? एवढ्या कष्टाचे तास!" तिला कसं सांगू, कष्ट होते, तास नव्हते.

आता क्लबात आहे. शिकवण्याचं प्रशिक्षण घेतेय, एका इंजिनाच्या त्याच विमानावर. आजवर सत्तेचाळीस तास झाले. सगळे माझ्या हातचे. मैत्रीण एअरलाइनच्या गणवेशातले फोटो पाठवते, मी अंगठा पाठवते. चिडचिड होते. होतेच. दीड वर्ष गेलं ते गेलं. आणि तिकडे त्या शिडीशी आता दुसरी मुलगी बूट लावते, हे ऐकून आहे मी.

म्हणून पत्र लिहिलंय, परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाला. कॅप्टनचं नाव, कंपनीचं नाव. खोट्या तासांच्या पानांच्या प्रती. आणि ते तास मीही घेतले, मुकाट्याने घेतले, हेही लिहिलंय. मैत्रीण म्हणते, "त्याचं काही वाकडं होणार नाही. परवाना तुझाच जाईल." जाऊ शकतो. तसं झालं तर पहिल्या तासापासून परत सुरू करीन.

पत्र वाचून पप्पांनी एवढंच विचारलं, "कधी देणार?" उद्या सकाळी देणार आहे, स्वतः जाऊन. तिथे विचारतील, इतके दिवस गप्प का बसलात? सांगीन, सही हवी होती. आता नकोय.