उचकी कुणाच्या नावाला थांबली
शेंगदाण्याची तिखट चटणी खाताना आज उचकी लागली आणि काही वर्षांपूर्वीची ती दुपार आठवून पुन्हा स्वतःचाच राग आला. मी लातूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्या दुपारी लाइट गेलेली, पंखा बंद, समोर पेपरांचा गठ्ठा आणि तेवढ्यात निलंग्याहून आईचा फोन. उचकी लागली की ती एकेकाचं नाव घ्यायची. ज्याच्या नावाला थांबेल त्यानं आठवण काढली, असं धरून लगेच त्याला फोन लावायची. "थोरल्याचं नाव घेतलं, ताईचं घेतलं, थांबंना. तुझं घेतलं अन् थांबली बघ. आठवण काढलास का रे?" महिन्यातला तिसरा फोन होता. मी वैतागून म्हणालो, "न्हाई काढली. उचकी आपोआप थांबती, आई. किती वेळा सांगू?" ती म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ दे. काम कर." खरं तर पाचच मिनिटांपूर्वी डब्यातली तिनं दिलेली चटणी खाताना मला तीच आठवली होती. योगायोगच तो, पण हो म्हणायला माझं काय जात होतं? ती गेली तोवर तसा फोन पुन्हा आला नाही. आता उचकी लागली की मीही सगळ्यांची नावं घेऊन बघतो, फक्त तिचं घेत नाही. तिच्या नावाला थांबली, तर फोन कुठं लावू?